बंदुकीची माशी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी हत्यारे मांडली जातात, त्यांत विळा असतो, कुऱ्हाड असते, वखराची पास असते, घरातल्या बायकांच्या आग्रहाखातर विळी असते आणि शाळामास्तरचे हत्यार म्हणून माझे पेनही असते. सगळ्यांच्या शेवटी काका माजघरातून ठासणीची बंदूक घेऊन येतात. आमच्या यवतमाळकडे तिला भरमार म्हणतात. तिच्या कुंद्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटतात, घोड्याच्या मानेत झेंडूचे फूल अडकवले जाते आणि मुलांना हात न लावण्याची ताकीद देऊन झाली की पूजा संपते.

मागच्या वर्षी मात्र पूजा झाल्यावर काकांनी बंदूक उचलली, नळीत गज सोडून ती रिकामी असल्याची खात्री केली, खांद्याला लावली आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्यावर नेम धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग ती हळूच खाली ठेवून म्हणाले, "माशी दिसत नाई बाप्पा आता. एक तं माशी नवी करा लागते, नाई तं बंदूकच जमा करा लागते."

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा दारूगोळा कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटले असते. पण त्या दिवसापासून मी या माशीच्या मागे लागलो, आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या धातूच्या तुकड्याने मला पार अकबरापासून आजच्या तहसील कचेरीपर्यंत हिंडवून आणले.

ज्यांनी बंदूक जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. नळीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला, जो बारीक उंचवटा असतो ती माशी. नळीवर बसलेल्या माशीसारखीच ती दिसते. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असलेली पट्टी असते. डोळा, खाच, माशी आणि सावज ही चार एका रेषेत आली की नेम लागला. सांगायला सोपे; पण माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. हातभर अंतरावरची खाच, त्यापुढची माशी आणि पन्नास पावलांवरचे जनावर ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. तरुण डोळा त्यांच्यात इतक्या चपळाईने ये-जा करतो की आपल्याला पत्ता लागत नाही. चाळिशी लागली की ही ये-जा मंदावते, आणि काकांसारखी सत्तरी गाठली की खाचेच्या जागी नुसता धूर उरतो.

आता इतिहासाकडे वळू. कोणत्याही वस्तुसंग्रहालयात तोड्याची बंदूक दिसली की आपण तिच्यावरची सोन्याची वेलबुट्टी पाहतो, नळीच्या तोंडाला दिलेला वाघाच्या मुखाचा आकार पाहतो आणि पुढे जातो. थोडे थांबून नळीच्या पाठीवरून नजर फिरवावी. पुष्कळ बंदुकांवर मागे खाचेचा ठोकळा आणि पुढे माशी अशी दोन्ही आढळतात. म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांना आणि बंदूकधाऱ्यांना नेम ही काय चीज आहे हे चांगले ठाऊक होते. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव संग्राम होते. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात त्याने तटावरच्या जयमलवर गोळी झाडली ती याच बंदुकीने, आणि तिच्याने मारलेल्या हजारांहून अधिक जनावरांची नोंद अबुल फजलने आपल्या आईन-ए-अकबरीत केली आहे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांमध्ये आमच्या यवतमाळचे नाव योत-लोहारा असे येते. लोहारा हे गाव यवतमाळच्या वेशीला लागूनच आहे. तिथे कोणी बंदुका घडवीत असे असा माझा दावा नाही. पण नावातच लोहार असलेल्या परगण्यातल्या माणसाने बंदुकीवर लिहिले तर त्याला फार आगंतुक मानू नये, इतकेच.

गंमत अशी की, नंतर आलेली कंपनीच्या फौजेची बंदूक या बाबतीत एक पाऊल मागेच होती. ती गारेवर उडणारी. इंग्रज सैनिक तिला ब्राऊन बेस म्हणत. तिला मागे खाच नव्हतीच. पुढे जी टिकली होती ती मुळात संगीन अडकवण्यासाठी. तिचाच माशी म्हणून उपयोग करायचा. त्या कवायतीत नेम धरा असा हुकूमदेखील नव्हता. बंदूक समोर धरा आणि उडवा, एवढेच. शेकडो माणसांनी एकदम बार काढायचा, मग कोणाची गोळी कोणाला लागली याचा हिशेब कशाला? तोडेवाला शिकारी एकटा असे आणि त्याच्याजवळ एकच गोळी असे, म्हणून त्याला माशी लागे. पलटणीला ती लागत नव्हती.

हे चित्र पालटले १८५३ साली. नळीच्या आत पिळदार आटे पाडलेली एनफिल्ड त्या वर्षी इंग्रजी फौजेने पत्करली. ठासणीचीच बंदूक, पण आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाई आणि लांबवर सरळ जाई. म्हणून तिच्या पाठीवर शिडीसारखी उभी करता येणारी पट्टी बसवली, आणि त्या पट्टीवर नऊशे-हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरले. नेमाला मोजपट्टी मिळाली. योगायोग असा की, त्याच १८५३ साली निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले. आमचा जिल्हा पुढे १८६४ मध्ये वणी जिल्हा म्हणून वेगळा झाला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

एनफिल्डची काडतुसे, त्यांवरची चरबी आणि १८५७ ही कथा शाळेतल्या पोरालाही पाठ असते. मी स्वतः ती दरवर्षी शिकवतो. पण त्यानंतर काय झाले हे क्रमिक पुस्तकात नसते. बंड मोडल्यावर हिंदी शिपायांच्या हाती कोणती बंदूक द्यावी असा प्रश्न इंग्रजांपुढे आला. त्यांनी १८५८ मध्ये तोडगा काढला तो असा: बंदूक एनफिल्डच, पण नळीतले आटे खरवडून ती गुळगुळीत केलेली, आणि पाठीवरची आकड्यांची शिडी काढून तिच्या जागी साधी, न हलणारी खाच बसवलेली. खरवडल्यामुळे नळ्या पातळ झाल्या आणि फुगू लागल्या, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. गोऱ्या शिपायाने हजार यार्डांवर पाहावे, काळ्याने शंभराच्या आत. राज्यकर्त्यांचा अविश्वास मी अनेक जाहीरनाम्यांतून वाचला आहे, पण त्या काढून टाकलेल्या पट्टीइतका स्पष्ट मला तो कुठेच वाचायला मिळाला नाही.

याच सुमारास सातपुड्याच्या रानात कॅप्टन जेम्स फोरसिथ हा अधिकारी हिंडत होता. मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचले जाते. त्याआधी १८६३ साली त्याने शिकारी रायफलीवर एक छोटे पुस्तक लिहिले होते, ते मात्र आता फक्त बंदुकीच्या वेडगळांनाच ठाऊक असेल. (या फोरसिथची आणि स्कॉटलंडमधल्या पाद्री फोरसिथची गल्लत करू नये. त्या पाद्रीबुवांनी १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या चापाचे पेटंट घेतले, कारण गारेच्या बंदुकीचा भपका पाहून बदके आधीच उडून जात! आमच्या काकांच्या टोपीच्या बंदुकीचे मूळ त्या बदकांत आहे.) कॅप्टन फोरसिथचे म्हणणे असे: जंगलात वाघ मोजलेल्या अंतरावर उभा राहत नाही. झाडीत अंतराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. तेव्हा शंभर यार्डांची एक पट्टी, दोनशेची दुसरी असा पसारा बंदुकीच्या पाठीवर कशाला? नळीचा पीळ अगदी सावकाश ठेवा, म्हणजे गोल गोळी आट्यांवरून न घसरता भरपूर दारू सोसेल, वेगाने जाईल आणि शिकारीच्या पल्ल्यात जवळजवळ सरळच जाईल. मग एक खाच आणि एक माशी पुरे.

मला हा मुद्दा फार पटला. माशी सुधारायची म्हणजे तिला अलंकार चढवायचे नाहीत. जिथे उभे राहायचे आहे तेवढ्याच अंतराला आणि तेवढ्याच उजेडाला ती खरी करायची. पण फोरसिथची रायफल ही साहेबाची रायफल. ज्याच्या तुरीत रोही शिरत होते त्या कुणब्याच्या हाती ती येणार नव्हती. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. युरोपीय माणसाला त्यातून सूट; देशी माणसाने परवाना काढावा. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो उगीच नव्हे. शिकारकथांमधून साहेब, मचाण आणि वाघ एवढेच आपण वाचत आलो; त्याच रानाच्या धुऱ्यावर गोफण आणि टेंभा घेऊन रात्र काढणारा जागल्या त्या कथांत ओझे वाहण्यापुरता येतो. मला त्या कथांचा हल्ली कंटाळा येतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात आमच्या भरमारीचा चक्क उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे शेतकऱ्याच्या गरजेला कायद्याने मान्यता दिली, पण एकाच बाराची. एक बार चुकला तर पुन्हा दारू ओता, चिंधी आणि गोळी गजाने ठासा, टोपी चढवा. तोवर डुक्कर एक तर पळालेले असते किंवा अंगावर आलेले असते. ज्याला एकच बार आहे त्याची माशी धड असली पाहिजे.

ती धड नसली की काय होते, हे आमच्या घराला ठाऊक आहे. नवा कायदा आल्यावर काही वर्षांतच आजोबांनी परवाना काढला. भुईमुगाच्या वावरात रानडुकरांचा कळप शिरला त्या रात्री चंद्र नव्हता. आजोबांचे जागलीचे तंत्र ठरलेले: पानाच्या चंचीतला चुना बोटाने माशीवर टेकवायचा, म्हणजे अंधारात पांढरा ठिपका दिसतो. युरोपातले बंदूकवाले याच कामासाठी हस्तिदंताचा मणी बसवीत, आमच्याकडे चुना. त्या रात्री पाऊस झिमझिमत होता आणि चुना धुऊन गेला. आजोबांनी अंदाजाने बार टाकला. गोळी मागच्या पायाला लागली. पहाटे रक्ताच्या मागावर गेलेल्या आमच्या जागल्याला त्या जखमी डुकराने नाल्याच्या काठी मांडीपासून फाडले. माणूस वाचला, पण जन्मभर लंगडला. आजोबा होते तोवर त्याच्या घरी आमच्या पेवातली ज्वारी जात होती. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण काका तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते आणि बैलगाडीत त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना माशी दिसेनाशी झाली तेव्हा बंदूक जमा करण्याची भाषा त्यांच्या तोंडी का आली, हे यावरून कळेल.

पूर्वी गावात शिकलगार येत, घिसाडी येत. बंदुकीचे किरकोळ काम त्यांच्याकडून होई. आता बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. परवाना असलेला कारागीर गाठायला आम्हांला जिल्ह्याबाहेर जावे लागले. कारागीर म्हातारे होते. काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठेच असतील. त्यांनी आधी आपला गज नळीत सोडून पाहिला, मग जिभेने च्यक् केले. जुनी माशी झिजून नखाएवढी उरली होती आणि मागची खाच सुईच्या टोकासारखी अरुंद.

"ह्या खाचीतून तर मलाही दिसत नाही, भाऊ," ते काकांना म्हणाले.

त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, डोळ्याजवळ बारीक भोकाची पट्टी बसवायची. त्याचा प्रयोग मी शाळेत पोरांकडून करून घेतला आहे: पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले की चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येते. तुर्कांच्या जुन्या रायफलींवर अशी भोके असलेल्या उंच पट्ट्या असत. पण भोकातून उजेडही थोडाच येतो, आणि डुकरे दुपारी बाराला येत नाहीत. काकांनी नको म्हटले. दुसरा उपाय साधा: मागची खाच डोळ्यापासून चार-पाच इंच पुढे न्यायची, ती रुंद आणि चौकोनी करायची आणि नवी माशी पितळेची, जाड माथ्याची बसवायची. खाच पुढे नेली की म्हाताऱ्या डोळ्याला ती बरी दिसते. पण त्याची किंमत असते. खाच आणि माशी यांतले अंतर कमी झाले की हाताची तेवढीच चूक लांबवर जास्त मोठी होते. जुन्या नळीला छिद्र पाडायला कारागिरांनी साफ नकार दिला, जास्त तापवायलाही. कथलाचा डाख देऊन दोन्ही तुकडे बसवले.

माशी त्यांनी मुद्दाम जास्त उंच ठेवली होती. मी कारण विचारले.

"गुरुजी, माशी उंच असली की गोळी खाली लागते. मग कानशीने घासत घासत वर आणायची. घासणे हातात आहे. घासलेले परत लावता येत नाही."

त्यांच्या चाचणीच्या जागी वाळूच्या पोत्यांसमोर २५ यार्डांवर कागद लावला. पहिले तीन बार कागदावर एका तळहाताच्या आत पडले, पण सगळे मधल्या ठिपक्याच्या तीन इंच खाली. आता माझी पाळी आली. समरूप त्रिकोण शिकवताना 'गुरुजी, याचा उपयोग काय' असे विचारणाऱ्या प्रत्येक पोराची मला त्या वेळी आठवण झाली. खाच आणि माशी यांतले अंतर ३० इंच. कागदाचे अंतर २५ यार्ड, म्हणजे ९०० इंच. तीस पट. तेव्हा कागदावरच्या तीन इंचांसाठी माशी तीन इंचांचा तिसावा भाग, म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा घासायची. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. कारागिरांनी तो आदराने पाहिला, खिशात ठेवला आणि आपल्या अंदाजाने घासायला घेतले. दोनदा घासून, दोनदा बार काढून, चौथ्या खेपेला ते थांबले. मी पट्टीने मोजले: इंचाचा दहावा हिस्सा, किंचित कमीच. एक बार जरा डावीकडे जात होता, तर त्यांनी माशीही डावीकडे सरकवली. उलटे वाटते, पण तसेच आहे. गोळी चुकेल तिकडे माशीने जायचे असते.

काकांनी शेवटचा बार स्वतः काढला. कागदाजवळ जाऊन त्यांनी भोकात करंगळी घातली आणि काही बोलले नाहीत.

आता पुढची हकीकत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार संपवली, आणि ते योग्यच झाले. १९९७ मध्ये आमच्या जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य जाहीर झाले आणि आज तिथे वाघ नांदतो आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदाराला आपल्या बंदुकीची तिथे वेगळी नोंद करावी लागते. पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायचे तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात. या सगळ्याबद्दल माझे एकच गाऱ्हाणे आहे: वाघाला जंगल मिळाले त्याचा आनंद सर्वांना झाला, त्या जंगलाच्या धुऱ्यावरची तूर कोणी राखायची हे मात्र अजून नीट ठरलेले नाही.

काकांनी परवानगीचा अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे. तोवर ते रात्री वावरात जातात आणि नुसत्या दारूचा बार काढतात. आवाजाने कळप नाल्याकडे पळतो, पहाटे परत येतो. नुसत्या बाराला गोळी नसते, नेम लागत नाही. तरी परवा जागलीला मी त्यांच्याबरोबर माळ्यावर होतो तेव्हा पाहिले: त्यांनी चंचीतून बोटावर चुना घेतला, माशीच्या माथ्याला टेकवला, बंदूक खांद्याला लावली आणि अंधारात बराच वेळ धरून ठेवली.

मी म्हटले, "काका, गोळी तर नाही."

"दिसते का ते पाह्यतो," काका म्हणाले, आणि त्यांनी नळी आभाळाकडे केली.